पायरीशी थांबलेली दरड

नागपंचमीच्या आदल्या दिवशी दुपारी आई आणि मी पडवीत पुरणाची डाळ निवडत बसलो होतो. चार दिवस पाऊस लागून राहिला होता, पण कोंढवळीत त्याचं कोणाला नवल नव्हतं. पाटण खोऱ्यातल्या आमच्या गावात श्रावणात ऊन पडलं तर माणसं अंगणात येऊन बघतात. आई सुपातली डाळ बोटांनी पसरायची आणि खडा दिसला की उचलून अंगणातल्या पाण्यात टाकायची. मी तिचे हात बघत होते असं आता म्हणावंसं वाटतं. खरं तर मी बघत नव्हते. मी सांगलीच्या शाळेतल्या गमती सांगत होते आणि ती मधून मधून "व्हय का" म्हणत होती.

सांगलीत एका मुलींच्या शाळेत मी सात वर्षं शिकवत होते. माझे यजमान, मानसिंग, लष्करात. वर्षातले दहा महिने आसामकडे. पंचमीला माहेरी जायचं हा माझा वर्षाचा एकच हट्ट असे. त्या वर्षी, म्हणजे शहात्तर साली, एस.टी. पाटणच्या पुढे गेली नाही. उरलेले चार मैल मी चपला हातात घेऊन चालत आले होते.

भाऊ शेतावरून आला तो निथळतच. त्याचं नाव लालासाहेब, पण घरात नुसता लाला. खांद्यावरचं घोंगडं दाराशी झटकत तो म्हणाला, "आई, बाईस्नी पाट दे की बसाय. सांगलीला खुर्चीवर बसत्यात त्या."

"तू आधी पाय धू," मी म्हटलं.

"धुतो की. म्हनशील तर छडी बी खातो."

आई हसली. "आरं, तुझ्यासाठी उपास हाय तिचा आज. नीट बोल जरा."

"माझ्यासाठी उपास, आन् वरीचा भात पातेलंभर हिनंच खाल्ला."

पाय धुऊन तो आमच्याजवळ टेकला आणि जरा वेळानं, दुसरंच काही बोलावं तसा म्हणाला, "वरच्या पट्टीत ती भेग हाय न्हवं, भूकंपातली? आज तिच्यात माझा हात कोपरापतोर गेला."

कोयनेच्या भूकंपाला तेव्हा नऊ वर्षं होत आली होती. भेगेशेजारी नांगर चालवायची सगळ्यांना सवय झाली होती.

"नाथाजीतात्यास्नी सांगितलंस का?" आईनं विचारलं.

"सांगितलं. म्हनले, भैरोबा हाय."

नाथाजीतात्या गावातले वडीलधारे. भैरोबाच्या देवळाची किल्ली त्यांच्याकडे असे, आणि गावात अडीअडचणीला शेवटचा शब्दही त्यांचाच. माणूस वाईट नव्हता. हे मी आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं वाचून तुम्ही तसं समजाल. भूकंपात त्यांनी स्वतःचं घर ढासळलेलं टाकून आमच्या वडिलांना मातीतून ओढून काढलं होतं. वडील त्यानंतर चार वर्षं जगले.

तेवढ्यात मंगल रडत आली. लालाची पोर, चार वर्षांची. तिला आई हवी होती. तिची आई, माझी भावजय बनुबाई, कालपासून बाहेरच्या खोपटात बसली होती.

त्या खोपटाविषयी सांगायला हवं. आमच्या गावात पाळी आलेली बाई घरात राहत नसे. नुसतं कोपऱ्यात बसणं गावाला पुरत नसे, कारण भैरोबा कडक, त्याची नजर घराघरांवरून जाते असं म्हणत. म्हणून गावाबाहेर ओढ्याच्या वळणात एक खोपटं होतं. ओढ्याच्या वळणातच का, तर या बायकांनी गावाच्या पाणवठ्याला शिवायचं नाही. त्यांना धुण्याआंघोळीला वेगळं पाणी हवं. देवळाची टेकडी ओढ्याच्या अलीकडे आणि खोपटं त्याच टेकडीच्या पायथ्याला, ओढ्याला लागून. वर भेग पडलेली पट्टी. डोंगरावरचं सगळं पाणी खोपटाच्याच घळीतून खाली यायचं. भूकंपानंतर सरकारी पत्रे मिळाले तेव्हा गावानं चार पत्रे त्या खोपटावरही घातले होते. त्यामुळे आमच्या कौलांपेक्षा ते कमी गळायचं, आणि बायांची चांगली सोय केली असं गावाला मनापासून वाटायचं.

मंगलला खांद्यावर घोंगडं देऊन मी ओढ्याकडे घेऊन गेले. दहा हातांवर उभं राहायचं, हा नेम. खोपटात बनू आणि नाथाजीतात्यांची नात हौसा पाच गजगे, म्हणजे सागरगोटे, खेळत होत्या. हौसा तेरा वर्षांची. तिची खोपटात बसायची ही दुसरीच वेळ.

"वन्सं, या की," बनू आतूनच ओरडली. "हितं लय बरं हाय. चूल न्हाई, शेनघान न्हाई, सासूबाईंचं बोलनं न्हाई. सासरी बसून म्हाहेर."

"मग ऱ्हा तिथंच," मी म्हटलं. "उद्याची दिंडं आम्ही खाऊ."

"आसं कसं? माझी चार दिंडं बाजूला काढा. आन् ही हौसी बघा, गजगे चोरती. आजा देवळाचा कारभारी आन् नात चोरटी."

हौसा तोंडावर हात धरून हसली. मंगल माझा हात सोडून पुढे धावली तशी बनूचं हसू गेलं. तिनं दोन्ही हात मागे घेतले आणि बसल्या जागी भिंतीकडे सरकली. "नगं बाळा. शिवशील. परवा येती म्या, परवा." मंगलला काही कळलं नाही. मी तिला उचललं. ती मागे वळून आईकडे हात करत होती आणि बनू हात मागे धरूनच तिला मानेनं "जा, जा" करत होती.

आठवीच्या मुलींना मी शरीरशास्त्र शिकवते. पाळी म्हणजे काय, त्यात विटाळ कसला नाही, हे मी फळ्यावर आकृती काढून सांगत आले आहे. त्यावर पुस्तकं वाचली आहेत, शाळेच्या वार्षिक अंकात लेखही लिहिला आहे. सांगलीत मी स्वतः सात वर्षांत एक दिवस बाजूला बसलेले नाही. आणि त्या दिवशी दहा हातांचा नेम पाळून मी पोरीला घरी घेऊन आले.

दिवस मावळायच्या आधी मला कळलं की माझीही पाळी आली आहे. चार दिवस आधीच. चालण्याचा शीण असेल.

आई चुलीपुढे होती. मी तिच्याजवळ बसून हळूच सांगितलं. तिनं हातातलं लाकूड चुलीत सारलं आणि विचारलं, "कुनी बघितलं?"

"नाही."

ती उठली. पेटीतून एक जुनं, मऊ झालेलं लुगडं काढून तिनं त्याच्या घड्या फाडल्या आणि माझ्या हातात दिल्या. "गप ऱ्हा. वर्साचा सन. तिकडं बसलीस तर उठंस्तोवर तुझी रजा सरंल. मला काय मग, पोरगी आली काय आन् न्हाई काय."

"आणि देवाचं?"

"देवाचा निवद म्या करती. तू निस्ती माझ्याजवळ बस."

माझ्या आईनं, साळूबाईनं, चाळीस वर्षांत हा नेम कधी मोडला नव्हता. स्वतःसाठी नाही, सुनेसाठी नाही. तो तिनं एकदाच मोडला.

पंचमीच्या सकाळी पाऊस अधिकच झोडपत होता. या दिवशी आमच्याकडे तवा ठेवत नाहीत, विळीला हात लावत नाहीत, आणि जमीन तर कोणीच उकरत नाही. नागाला लागतं म्हणतात. नांगर, कुदळ, फावडं, सगळं भिंतीला टेकून उभं असतं. आई कणकेच्या लाट्या लाटत होती आणि मी पुरण भरून दिंडं मुडपत होते. माझ्या हातची दिंडं नेहमी फुटतात. आई म्हणाली, "पोरींस्नी काय शिकवतीस मग शाळंत?" ती मला हसली ती हीच शेवटची.

अकराच्या सुमाराला देवळाची घंटा वाजू लागली, आणि थांबेना. नदी खालच्या आळीत शिरली होती. वरच्या पट्टीतून गढूळ पाणी उकळ्या फुटल्यासारखं येत होतं. नाथाजीतात्यांनी सगळ्या गावाला देवळात बोलावलं, आणि ते त्यांनी योग्यच केलं. देऊळ टेकडीवर काळ्या कातळात बांधलेलं आहे. त्या दिवशी गावातल्या दीडशे माणसांचा जीव त्यांच्या घंटेनं वाचला. हेही खरंच.

देवळाच्या पायऱ्यांशी मनुबाई उभी होती. म्हातारी, तात्यांची थोरली बहीण. वर येणाऱ्या प्रत्येक बाईला ती विचारत होती, "कुनी बाहेरची न्हाई न्हवं? शिवलेली न्हाई न्हवं कुनी?" बायका पदर डोक्यावर ओढून "न्हाई, न्हाई" म्हणत वर जात होत्या. माझ्या कडेवर मंगल होती. मनुबाईनं माझ्याकडे पाहिलं आणि ती उगाच हसली. "मास्तरीनबाई, तुमास्नी काय इचारायचं?"

मी "न्हाई" म्हटलं. ती विचारत नव्हती तरी म्हटलं.

सभामंडप माणसांनी भरला. ओले कपडे, ओली पोरं, दोन शेळ्यासुद्धा. शेळ्यांना कोणी काही विचारलं नव्हतं. मी उजवीकडच्या पहिल्या खांबाला टेकून बसले. तिथून पायऱ्या दिसत होत्या आणि खाली घळीतले ते चार पत्रे.

आई बसली नाही. ती नाथाजीतात्यांपुढे जाऊन उभी राहिली. "तात्या, खाली दोघी पोरी हायत."

"ठावं हाय, साळूबाई. माझीच नात हाय त्यात."

"वरती घ्या की त्यांस्नी."

तात्या गाभाऱ्याकडे बघत राहिले. "आज सगळं गाव देवाच्या पदराखाली हाय. आज काय इपरीत झालं तर जायाचं कुठं आपन?"

"आत नगं. पायरीवर बसत्याल. पावसात बसत्याल."

"पायरी बी देवाचीच."

"खोपटावर पत्रं हायत की," मागून कोणीतरी म्हणालं. "आपल्या परास कोरड्या आसत्याल त्या."

"नदी तितवर येती व्हय?" दुसरं कोणी म्हणालं. ते बरोबर होतं. नदी तिथवर येणार नव्हती. सगळे खालून येणाऱ्या पाण्याकडे बघत होते.

आईनं लालाकडे पाहिलं. माझा भाऊ अठ्ठावीस वर्षांचा, भरल्या अंगाचा, बैल उधळला तर शिंगं धरणारा. तो पायाच्या अंगठ्यानं फरशी घासत होता. "उद्या उठतीच की ती, आई," तो म्हणाला. "एका दिसाचा तर सवाल."

मग आईनं दिंडांचं गाठोडं पदराखाली घेतलं. "मी जाती त्यांच्याकडं. सकाळधरनं उपाशी आसत्याल."

"आवं साळूबाई, शिवलात तर परत येता न्हाई याचं," मनुबाई म्हणाली.

"म्हाईत हाय. मी बी बाहेरचीच मग."

जाताना ती माझ्यापाशी वाकली. मंगलच्या अंगावरचं घोंगडं सारखं करायच्या निमित्तानं. माझ्या कानाशी ती म्हणाली, "लेकीचं झाकलं. सुनंला एकटं कसं टाकू?"

मी तिच्याकडे पाहिलं. तिच्या नजरेत राग नव्हता. गप राहा, एवढंच होतं. आदल्या संध्याकाळी होतं तेच.

त्या वेळी मी उठून एक वाक्य बोलले असते तर काय झालं असतं, याचा विचार मी हजार वेळा केला आहे. कदाचित मलाही खाली हाकललं असतं आणि आज हे लिहायला मी नसते. कदाचित तात्या म्हणाले असते, एक आत आहेच तर दोघी येऊ द्या. दोन्ही कदाचितच आहेत. मी बोलले नाही, एवढंच नक्की. दीडशे माणसं होती, सगळी ओळखीची. मला लाज वाटली. मरणाची भीती असती तर निदान सांगता आलं असतं. मला नुसती लाज वाटली.

आई पायऱ्या उतरून गेली. पावसात तिचं हिरवं लुगडं बराच वेळ दिसत होतं. घळीशी पोचल्यावर तिनं हाक दिली असावी, कारण हौसा बाहेर आलेली मी पाहिली. दहा हातांवर आई थांबली नाही. सरळ आत गेली.

चारच्या सुमारास आवाज आला. मेघ गडगडल्यासारखा नव्हता. दगडी जात्यावर कोणीतरी फार मोठं दळण घातलं आहे, असा तो आवाज होता आणि तो पायाखालून येत होता. वरची पट्टी, उभ्या भातासकट, भेगेपासून सुटली आणि घळीत उतरली. झाडं उभीच्या उभी चालत आल्यासारखी खाली आली. मी पत्र्यांकडे बघत होते. एका क्षणी ते होते, आणि मग तिथं नुसती तांबडी माती सरकत होती. चिखलाचा एक लोट टेकडीच्या अंगानं वर चढला, देवळाच्या पहिल्या पायरीला लागला आणि तिथं थांबला.

मंगल झोपली होती. ती जागी झाली नाही.

लाला पायऱ्यांवरून उडी टाकून चिखलात गेला. तो हातांनीच उकरू लागला. मग सगळेच धावले. पाण्यानं पडलेल्या घरांतून कोणी फावडी आणली, कोणी कुदळी. नाथाजीतात्या, सत्तरीचा माणूस, कमरेएवढ्या चिखलात उभे राहून पहार मारत होते. पंचमी होती. जमीन उकरायची नव्हती. एवढ्या माणसांत एकालाही त्याची आठवण झाली नाही. झाली असेल तर कोणी बोललं नाही. कोणी देवाला कौल लावला नाही. कोणी मनुबाईला विचारलं नाही. वेळ आली आणि नेम मोडला, इतकं ते सोपं होतं. मी पायरीवर उभी राहून ते बघत होते.

अंधार पडायच्या आत हौसा सापडली. आई आणि बनू दुसऱ्या दिवशी सकाळी, एकाच जागी. आईचा हात बनूच्या डोक्याखाली होता. दिंडांचं फडकं तिच्या कमरेशी होतं, गाठ सुटलेली. आठ दिंडं नेली होती, त्यातली तीन उरली होती. म्हणजे त्या तिघी बसून जेवल्या होत्या. बनूनं तिची चार मागितली असणार. एवढीच एक गोष्ट मी माझ्या समाधानासाठी जवळ ठेवली आहे.

लालानं बनूचा हात हातात घेतला आणि किती तरी वेळ तो सोडला नाही. चौथ्या दिवसाची तिची अंघोळ व्हायचीच होती. कोणी त्याला शिवू नको म्हणालं नाही.

तेराव्यानंतर मी सांगलीला परतले. कृष्णेचा पूर ओसरत होता, पण पाणी अजून तांबडं होतं. कऱ्हाडला कोयना कृष्णेला मिळते. आमच्या डोंगराची माती शेवटी सांगलीच्या घाटावर येते. मी घाटाच्या वरच्या पायरीवर उभी राहिले आणि ते पाणी बघून घरी आले. माझ्या घरमालकीण गुणमालाबाईंनी पंधरवड्याची वर्तमानपत्रं माझ्यासाठी बाजूला ठेवली होती. आतल्या पानावर दोन ओळी होत्या. पाटण तालुक्यात दरड कोसळून तीन महिला ठार.

गुणमालाबाईंनी चहा पुढे केला. "अंजनाताई, एक विचारू का ओ? तिघी बायकाच कशा? गडीमाणसं कुठं होती?"

"देवळात."

"मग ह्या का नव्हत्या देवळात?"

मी चहाचा घोट घेतला. त्या म्हणाल्या, "आमच्यातबी तीन दिवस बाजूलाच की. माझी चटई जिन्याखाली असते." आणि उठून गेल्या. त्यांना कळलं होतं, आणि त्यांना कळलं आहे हे मला कळलं, आणि तरीही मी बोलले नाही.

हे वाचणाऱ्या तुमच्या घरी खोपटं नसेल. जिन्याखालची चटई असेल, वेगळी वाटी असेल, सणाच्या दिवशी हळूच विचारलेला एक प्रश्न असेल. आपल्या घरामागे डोंगर नाही म्हणून आपण सुटलो, असं मीही सात वर्षं समजत होते.

वर्ष गेलं. पुन्हा पंचमी आली. पुरात घरं गेलेलं गाव आता वरच्या माळावर पत्र्याच्या घरांत राहत होतं. मंगल पाच वर्षांची झाली होती आणि लालाजवळच होती. भाकऱ्या तो भाजायचा, वेणी शेजारीण घालायची. पंचमीच्या दुपारी गाव देवळात जमलं. पहिल्या पायरीशी, जिथं चिखल थांबला होता तिथं, तीन दगड शेंदूर लावून मांडले होते. बायका त्यांना हळदकुंकू वाहत होत्या. हिरव्या लुगड्याचा एक तुकडा मधल्या दगडावर ठेवला होता. पाऊस बारीक पडत होता.

मी मंगलला घेऊन त्याच खांबाशी बसले.

नाथाजीतात्या वर्षात वाळून गेले होते. त्यांचा डावा हात बंडीच्या खिशात सारखा चाळा करत होता. हौसाचे गजगे त्या खिशात असतात, हे मला लालानं सांगितलं होतं. मातीतून पाचांपैकी चारच मिळाले.

ते उभे राहिले. "तिघी गेल्या," ते म्हणाले. "पन जाताना देवाचं राखून गेल्या. पायरी त्यांनी बाटवली न्हाई. म्हून दरड पायरीशी थांबली. न्हाईतर ह्या देवळात दीडशे जीव हुते. माझी हौसा..." ते थांबले. "माझी हौसा गेली ती गावासाठी गेली."

बायकांनी डोळे पुसले. मनुबाई मंगलच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाली, "तुझ्या आयनं लय मोठं काम केलं बग पोरी."

मग तात्यांनी दुसरी गोष्ट काढली. नव्या वस्तीत बायकांना बसायला जागा नाही. वर्षभर त्या घरातच कोपरा धरून आहेत. हे बरं नव्हे. नवं खोपटं बांधायला हवं. जागा त्यांनी पाहून ठेवली होती. माळाच्या खाली, ओढ्याच्या अंगाला. पाणी वेगळं मिळेल.

"पत्रं कुनाकडं शिल्लक हायत?" त्यांनी विचारलं.

मग त्यांनी लालाकडे पाहिलं. "लाला, तुझ्याकडं हायत न्हवं चार?"

माझा भाऊ अंगठ्यानं फरशी घासत होता. "हायत," तो म्हणाला. "घ्या."

मी त्याला दोष देत नाही. मी वर्षभर गप होते, तो दोन शब्द बोलून गप झाला. पण मंगल माझ्या मांडीवर बसली होती. आणखी आठ वर्षांनी ती हौसाएवढी होईल. त्या चार पत्र्यांखाली बसेल, गजगे खेळेल, कोणी दहा हातांवर उभं राहून तिच्याशी बोलेल, आणि वरचा डोंगर तोच असेल. देऊळ कातळावर आहे. माती कातळाला बगल देऊन घळीतून खाली जाते. हे मी शाळेत शिकवते. पण तात्यांना ते सांगून काय होणार होतं? त्यांच्या खिशात चार गजगे होते. नात गावासाठी गेली, एवढ्या एका गोष्टीवर तो माणूस उभा होता, आणि ती गोष्ट खोटी आहे हे त्या देवळात फक्त मला माहीत होतं. दुसरं जिला माहीत होतं ती पायरीशी शेंदूर लावून बसली होती.

मी मंगलला खाली बसवलं आणि उभी राहिले. लालानं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. सांगलीला राहून माझी भाषा बदलली आहे असं तो नेहमी चिडवतो. पण तोंड उघडलं तेव्हा आईचेच शब्द आले.

"तात्या," मी म्हटलं, "त्या दिशी मी बी बाहेरचीच हुते. आदल्या सांजंपासनं. आईला ठावं हुतं, तिनंच झाकलं. पायरीवर मनुबाईंनी मला इचारलं बी न्हवतं, तरी मी न्हाई म्हनले. आन् तिथनं फुडं, दरड येऊस्तोवर, मी हितंच बसले हुते, तात्या. ह्या खांबाला टेकून."